जुन्याच केबलवर नवे कॅमेरे: को-अ‍ॅक्स कन्व्हर्टरचा दहा महिन्यांचा अनुभव

आमची कोथरूडमधली सोसायटी चार इमारतींची आहे. २०१२ साली तिथे बसवलेले सोळा अ‍ॅनालॉग कॅमेरे गेल्या वर्षापर्यंत चालू होते, म्हणजे डीव्हीआरच्या (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर सोळा चौकोन हलताना दिसत होते, एवढ्याच अर्थाने चालू होते. मागच्या फाटकातून एका सभासदाची सायकल चोरीला गेली तेव्हा चित्रीकरणात सायकल दिसली, ती नेणाऱ्याची टोपी दिसली आणि चेहऱ्याच्या जागी चार-पाच राखाडी ठोकळे दिसले. त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत आयपी कॅमेरे (संगणकाच्या नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) घेण्याचा ठराव एकमताने झाला. वाद झाला तो केबलवरून, कारण जेमतेम आठ महिन्यांपूर्वी आम्ही अंतर्गत रस्त्याचे पेव्हर ब्लॉक बदलले होते आणि ते पुन्हा उकरण्याचे नाव काढायला कोणी तयार नव्हते.

मी या संस्थेची सचिव आहे आणि निवृत्तीपूर्वी माझी बरीचशी नोकरी दूरसंचार खात्यात, केबलच्या देखभालीत गेली. जमिनीत पुरलेली चांगली केबल वाया घालवू नये, हा त्या नोकरीचा संस्कार असल्यामुळे जुन्या को-अ‍ॅक्सिअल केबलवरूनच आयपी कॅमेरा चालवणाऱ्या कन्व्हर्टरची चौकशी करायला मी स्वतः बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथे जी जोडी घेतली तिच्यावरचे नाव इथे देत नाही, कारण हुबेहूब तीच डबी मला तीन दुकानांत तीन वेगवेगळ्या नावांनी दिसली आणि एका दुकानात तर नावाच्या स्टिकरखाली दुसऱ्या नावाचे स्टिकर होते. आम्हाला एक जोडी ४,२०० रुपयांना पडली. अशा सात जोड्या गेले दहा महिने आमच्याकडे चालू आहेत.

डबी काय करते ते आधी सांगते. साध्या १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) इथरनेटला, म्हणजे संगणकांच्या नेहमीच्या तारेच्या जोडणीला, तारांच्या दोन जोड्या लागतात, एक पाठवण्यासाठी आणि एक घेण्यासाठी. को-अ‍ॅक्स केबलमध्ये मात्र मधली एक तार आणि तिच्याभोवतीची जाळी एवढेच असते. त्यामुळे केबलच्या दोन्ही टोकांना एकेक डबी लावावी लागते. ती इथरनेटचा डेटा वेगळ्या रूपात बदलून त्या एकाच वाटेने दोन्ही दिशांना वाहून नेते आणि पलीकडची डबी त्याचे पुन्हा इथरनेट करते. डबीच्या एका बाजूला जुनाच बीएनसी (को-अ‍ॅक्सचा गोल जोड) बसतो, दुसऱ्या बाजूला आरजे-४५ (नेटवर्क केबलचा चौकोनी जोड). आम्ही घेतलेल्या प्रकारात वीजही त्याच केबलवरून जाते. कार्यालयातल्या पीओई स्विचमधून (नेटवर्कच्या केबलवरूनच वीजही देणाऱ्या पेटीतून) साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा अलीकडच्या डबीत येतो, केबलमधून पलीकडे जातो, पलीकडची डबी स्वतः त्यावर चालते आणि उरलेली वीज कॅमेऱ्याला देते. यापेक्षा स्वस्त डब्या मिळतात, पण त्यांतून फक्त डेटा जातो आणि कॅमेऱ्यापाशी वेगळा पुरवठा द्यावा लागतो. दुकानदार दोन्ही प्रकार एकाच दमात दाखवतात, म्हणून "पॉवर याच वायरवरून जाणार ना?" असे स्पष्ट विचारून बिलावर तसे लिहून घेतलेले बरे.

आयपी कॅमेरेच कशाला हवेत, असा प्रश्न आमच्या खजिनदारांनी विचारला होता आणि तो अगदी रास्त होता. फक्त चित्र स्वच्छ हवे असेल, तर एचडी अ‍ॅनालॉग प्रकारचे पाच मेगापिक्सेलचे कॅमेरे आणि त्यांना चालणारा नवा डीव्हीआर याच को-अ‍ॅक्स केबलवर मध्ये कोणतीही डबी न लावता चालतात आणि खर्चही कमी येतो. आम्हाला फाटकावर गाड्यांचे क्रमांक ओळखणारा कॅमेरा, इंटरकॉमशी जोडणी आणि सगळ्यांसाठी एकच यूपीएस हवा होता, म्हणून आम्ही आयपीकडे वळलो. ज्यांना यातले काही नको आहे त्यांनी हे परीक्षण इथेच सोडून एचडी डीव्हीआरची किंमत विचारावी.

सोळापैकी आठ कॅमेरे कार्यालयाजवळच्या दोन इमारतींत आहेत. तिथे डक्टमधून नवी कॅट-सिक्स (नेटवर्कची) केबल एका दिवसात ओढून झाली आणि तिथे कन्व्हर्टर लावण्याचे काही कारणच नव्हते. खरी गरज होती ती उरलेल्या लांबच्या ठिकाणी. कॅट-सिक्सची मर्यादा १०० मीटर आहे आणि आमचे मागचे फाटक केबलच्या मार्गाने मोजले तर १४० मीटरवर येते. नवी केबल टाकायची तर रस्ता उकरायचा, मध्ये कुठेतरी स्विचसाठी पेटी बसवायची आणि त्या पेटीला वीज द्यायची, असे काम होते. त्याचा अंदाज एका कंत्राटदाराने १,१०,००० रुपये दिला होता. सात जोड्यांचे झाले २९,४००.

सगळ्यात सुखद अनुभव लिफ्टचा आला. लिफ्टच्या खोक्याबरोबर वर-खाली होणाऱ्या चपट्या केबलमध्ये बसवतानाच एक को-अ‍ॅक्स घातलेली होती. साधी कॅट-सिक्स तिथे लोंबकळत सोडली तर रोज शेकडो वेळा वाकून वर्षभरात तिच्या तारा तुटतात, आणि लिफ्टची चपटी केबल बदलणे हा खर्च कोणत्याही खजिनदाराला सांगवत नाही. दोन्ही लिफ्टमध्ये जुनीच को-अ‍ॅक्स घेऊन वर मशीन रूममध्ये एक डबी आणि खाली खोक्याच्या छतावर एक डबी लावली. पंधरा मिनिटांत चित्र आले आणि तेव्हापासून एकदाही गेलेले नाही. फक्त लिफ्टचे काम लिफ्टच्या माणसासमोरच करावे. आमच्या तंत्रज्ञाने ते न सांगता पाळले, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

मागच्या फाटकाने मात्र आम्हाला तीन आठवडे पिडले. तिथला कॅमेरा दिवसभर उत्तम चाले, दुपारच्या उन्हात रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीही वाचता येई, आणि सायंकाळी सात-सव्वासातच्या सुमारास चित्र नाहीसे होई. दीड-दोन मिनिटांनी परत येई, दहा सेकंद दिसे आणि पुन्हा जाई. हा प्रकार सकाळी उजाडेपर्यंत चाले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्याला रातांधळेपणा झालाय." दुकानदाराने फोनवरच निदान केले, "ताई, कॅमेराच फॉल्टी आहे, बदलून देतो." त्याने कॅमेरा खरोखर बदलून दिला आणि नवा कॅमेराही त्याच संध्याकाळी त्याच वेळी आंधळा झाला. मग त्याने डब्यांची जोडी बदलली, तरीही तेच.

रात्रीच नेमके काय बदलते, असा विचार केल्यावर उत्तर समोरच होते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. आमच्या कॅमेऱ्याला दिवसा साधारण ४ वॅट लागतात आणि रात्री ७, शिवाय पलीकडची डबी स्वतः सुमारे २ वॅट खाते. रविवारी सकाळी मी तंत्रज्ञ मुलाला बोलावले, फाटकाकडच्या टोकाला मधली तार आणि जाळी एकमेकांना जोडायला सांगितली आणि कार्यालयाच्या टोकाला मल्टीमीटर लावला. रोध आला ७८ ओहम. ४८ व्होल्टचा पुरवठा ७८ ओहममधून पाठवला तर पलीकडे जास्तीत जास्त किती वॅट पोहोचतील, याचे गणित शाळेतल्या सूत्राने सुटते: व्होल्टचा वर्ग भागिले रोधाची चौपट, म्हणजे सुमारे ७.४ वॅट. दिवसा आम्हाला ६ लागत होते म्हणून जेमतेम निभावत होते, रात्री ९ लागत होते आणि ते त्या केबलमधून कोणत्याही कॅमेऱ्याला, कोणत्याही डबीला मिळणे शक्यच नव्हते. कॅमेरा बिचारा दिवे लावायला गेला की व्होल्टेज कोसळत होते, तो बंद पडून पुन्हा सुरू होत होता आणि सुरू होताच पुन्हा अंधार पाहून दिवे लावायला जात होता.

केबलच्या वाटेने चालत गेल्यावर पाण्याच्या टाकीमागच्या एका जंक्शन बॉक्समध्ये चोर सापडला. कोणीतरी कधीकाळी केबल तुटल्यावर दोन टोके नुसती पिळून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडवली तर आतली जाळी हिरवी-पांढरी भुकटी होऊन बोटाला लागली आणि मधली तार नखाने खरवडल्यावर तांब्याच्या रंगाखालून चकचकीत राखाडी रंग दिसला. मी घरून फ्रिजवरचे गणपतीचे चुंबक आणायला सांगितले. ते जवळ नेताच तार टचकन त्याला चिकटली. म्हणजे मधली तार तांब्याची नव्हती, पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली होती.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण जुनी केबल वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल. पोलादी गाभ्याची केबल मुळात वाईट नसते. डिश टीव्हीसारख्या उच्च वारंवारितेच्या कामात प्रवाह तारेच्या केवळ कातडीतून वाहतो, त्यामुळे वरचा तांब्याचा थर पुरतो आणि आतल्या पोलादाने काही बिघडत नाही. पण वीज पाठवायची म्हटली की थेट प्रवाह तारेच्या पूर्ण जाडीतून वाहतो आणि तिथे पोलाद तांब्याच्या तुलनेत फारच कंजूष ठरते. जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांना याचा त्रास नव्हता, कारण त्यांची वीज थ्री-प्लस-वन केबलमधल्या (एक को-अ‍ॅक्स आणि तिच्या शेजारी तीन तारा असलेल्या) वेगळ्या तारांतून जात होती आणि को-अ‍ॅक्सवरून फक्त एक व्होल्टच्या आसपासचा व्हिडिओ संकेत येत होता. तीच को-अ‍ॅक्स आता वीजवाहिनी झाल्यामुळे बारा वर्षे लपून राहिलेली लबाडी तीन आठवड्यांत उघडी पडली.

तो जोड कापून दोन्ही बाजूंना नीट क्रिम्प केलेले बीएनसी लावले, मध्ये जोडणारा बॅरल घातला आणि त्यावर रबरी टेप ओढून गुंडाळली. रोध ७८ वरून ३१ ओहमवर आला. पोलादी गाभ्यासह यापेक्षा खाली तो येणार नव्हता आणि येण्याची गरजही नव्हती. त्या रात्री दिवे लागलेले असताना मी फाटकाच्या डबीवर व्होल्टेज मोजले, ते ४१ च्या वर होते. तेव्हापासून त्या कॅमेऱ्याला रातांधळेपणा नाही. दुकानदाराने बदललेल्या कॅमेऱ्याचे पैसे लावले नाहीत हे खरे, पण तीन आठवड्यांत त्यांच्यापैकी कोणीही एकदाही मल्टीमीटर बाहेर काढला नाही, हेही खरे. विक्रीनंतरच्या सेवेला मी त्यामुळे पाचपैकी दोन गुण देते, तेही दुकानदार प्रत्येक वेळी फोन उचलत असे म्हणून.

डबीबरोबर येणारा माहितीचा कागद तळहाताएवढा आहे आणि त्यावर ५०० मीटरचा दावा मोठ्या अक्षरांत छापला आहे. कोणत्या केबलवर, किती रोधावर, किती वॅटच्या कॅमेऱ्यासह, यातले काहीही त्यावर नाही. पीओईचे ८०२.३एएफ हे २००३ सालचे मानक स्विचच्या टोकाला १५.४ आणि उपकरणाच्या टोकाला १२.९५ वॅट इतका हिशेब मांडून ठेवते, कारण मधल्या केबलमध्ये काहीतरी सांडणार हे त्यात धरलेले आहे. या कागदावर मात्र काहीच सांडत नाही. असा एकच आकडा छापणे मला फसवणुकीच्या काठावरचे वाटते. उत्पादन मुळात बरे असताना तर त्याची गरजही नव्हती.

आणि उत्पादन बरे आहे. वेग तपासण्यासाठी मी आणि माझ्या भाच्याने फाटकाच्या केबलच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप लावून मोठी फाइल पाठवून पाहिली. दुरुस्तीनंतर वेग साठ एमबीपीएसच्या वर स्थिर राहिला, लिफ्टमध्ये नव्वदच्या जवळ गेला. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र आक्रसून पाठवणाऱ्या पद्धतीत आमच्याकडे चार एमबीपीएस घेतो, म्हणजे वेगाची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी हार्ड डिस्कची करावी. चार एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, पंधरा कॅमेऱ्यांचे ६४८ जीबी होतात आणि ८ टीबीची डिस्क बारा दिवसांत भरते. जिन्यातल्या कॅमेऱ्यांचा वेग आम्ही निम्म्यावर आणला. जिन्यात कोण किती वेळा कचरा टाकायला उतरते, हे इतक्या बारकाईने साठवण्याची गरज नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन गोष्टी मी मुद्दाम तपासल्या. पहिली म्हणजे मोकळ्या बीएनसीवर ४८ व्होल्ट कायम उभे असतात का. आमच्या डबीत तसे नाही. पलीकडे आपली जोडीदार डबी आहे याची खात्री पटल्यावरच ती पुरवठा सोडते, त्यामुळे चुकून जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा त्या केबलला लागला तरी जळणार नाही. दुसरी गोष्ट केबलच्या वाटेत उरलेल्या जुन्या उपकरणांची. आमच्या दोन केबलवर व्हिडिओसाठीचे सर्ज प्रोटेक्टर होते. ते एका व्होल्टच्या संकेतासाठी बनवलेले असतात आणि ४८ व्होल्टसमोर लगेच आडवे येतात, म्हणून ते काढावेच लागले. टी-जोड, स्प्लिटर, अ‍ॅम्प्लिफायर असे जे काही मध्ये असेल तेही काढावे लागते. वळवाच्या विजांची परीक्षा मात्र अजून व्हायची आहे, कारण काम गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर झाले. त्याआधी पीओईला चालणारे प्रोटेक्टर फाटकांच्या केबलवर बसवून घेणार आहोत.

पावसाळा डब्यांनी व्यवस्थित काढला, पण त्यात डबीपेक्षा आमची मेहनत जास्त आहे. पलीकडच्या टोकाची डबी उघड्यावर ठेवण्यासारखी नाही, तिला पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये ठेवावे लागते आणि केबल खालूनच, एक झोळ देऊन, आत घ्यावी लागते, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळून जातो. एका बॉक्सचे वरचे भोक बुजवायचे राहिले होते, तर त्यात ऊब पाहून पालीने संसार थाटला. डबी चांगलीच कोमट राहते, हे यावरून कळावे.

गुरुवारची एक तक्रार राहते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन परत आली की सातपैकी एक-दोन जोड्यांचा लिंकचा दिवा कधीकधी लुकलुकतच राहतो आणि त्या आपसात जुळत नाहीत. स्विचवरून त्या पोर्टचा पुरवठा बंद करून पुन्हा चालू केला की लगेच जुळतात. सुरुवातीला यासाठी मला दर गुरुवारी संध्याकाळी कार्यालयात जावे लागे. स्विच आणि एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र) यूपीएसवर घेतल्यापासून वीज जाते हे डब्यांना कळतच नाही आणि तक्रार बंद झाली. पूर्वी प्रत्येक इमारतीत कॅमेऱ्यांचा वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) होता आणि एकेक इमारत आपापल्या सोयीने अंधारात जात असे, त्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे आहे. अर्थात ही सोय पीओईची आहे, डबीची नाही. डबीने ती केबलच्या शेवटापर्यंत पोहोचवली इतकेच तिचे श्रेय.

कॅमेरे घेताना डब्यांच्या किमतीत हात आखडू नये, पण कॅमेऱ्यांच्या बाबतीत घाईही करू नये. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक चाचण्या पार करणे बंधनकारक आहे आणि गल्लीत जुना माल स्वस्तात पुढे करणारे अजूनही भेटतात. प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला की त्यांचा सूर बदलतो.

डबीला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या पाचशे मीटरच्या कागदासाठी कापला आहे. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आधी एकच जोडी घ्यावी, ती आपल्या सर्वात लांब आणि सर्वात संशयास्पद केबलवर लावावी आणि न चालल्यास परत घेण्याचे दुकानदाराकडून आधी कबूल करून घ्यावे. चाचणी रात्री करावी, दिवे लागल्यावर.

सोळावा कॅमेरा, गच्चीवरच्या टाकीचा, अजून जुनाच आहे, म्हणजे बंदच आहे. त्याच्या केबलचे पलीकडचे टोक जोडूनही मल्टीमीटरवर काहीच येत नाही, ती भिंतीच्या गिलाव्यात कुठेतरी पूर्ण तुटलेली आहे आणि तिच्यापुढे कोणतीही डबी चालणार नाही. दिवाळीनंतर इमारतीचे रंगकाम निघाले आहे. परांची बांधली की बाहेरच्या बाजूने पाइप टाकून तिथे कॅट-सिक्स न्यायची, असे समितीच्या बैठकीत ठरले आहे.